पुसून टाकण्याची आज्ञा



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा विषय निवडण्याचे काम चालकांनी आमच्यावरच सोपवले होते. आम्ही विषय कळवला : संगणकावरील फाइली आणि फोल्डर लेखी आज्ञेने पुसून टाकणे. उलट टपाली, म्हणजे अर्थात मोबाइलवर, विचारणा झाली की, या विषयावर बोलण्यासारखे असे काय आहे? आज्ञा दोन अक्षरांची. ती दिली की काम झाले. आमचेही म्हणणे तेच आहे. दोन अक्षरांत काम होते आणि झाल्यावर ते झाले असे कोणी सांगतही नाही, म्हणून तर बोलावयाचे.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटत असेल की हा प्रांत शहरातल्या इंजिनियरांचा. तसे आता राहिलेले नाही. चामोर्शीत आज ज्याच्या घरी संगणक नाही त्याचाही सातबारा संगणकात आहे, मुलांचे दाखले संगणकात आहेत, बँकेचे खाते संगणकात आहे, आणि लग्नाचे फोटो मोबाइलमध्ये, म्हणजे खिशातल्या संगणकात आहेत. दूर कोठेतरी थंड खोल्यांत जी मोठी यंत्रे हे सारे सांभाळतात, त्यांतली पुष्कळशी लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतात, आणि तेथील माणसे चित्रांवर बोट ठेवून काम करीत नाहीत. ती काळ्या पडद्यावर एकेक ओळ टंकून आज्ञा देतात. तेव्हा आपला कागद कोणत्या ओळीने नाहीसा होऊ शकतो हे माहीत असणे, सावकाराची वही वाचता येण्याइतकेच आपल्या उपयोगाचे आहे.

मराठीत नाहीसे करण्याला शब्द अनेक आहेत आणि प्रत्येक शब्दामागे एक निराळी कृती आहे. शाळेत आपण पाटीवर बोळा फिरवीत असू; ओला बोळा फिरला की अक्षर खरोखरच गेले, पाटी कोरी. वहीत आपण खोडतो. खोडलेले रेघेखाली दिसत राहते, आणि खोडलेलेच आधी वाचण्याची मनुष्यप्राण्याला खोड आहे. जुने पोथीलेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळ नावाचे पिवळे द्रव्य फासत आणि ते वाळले की वर नवे अक्षर लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथला. तलाठी मात्र यांपैकी काहीच करीत नाही. सातबाऱ्यावरील जुन्या नावाला तो कंस करतो आणि फेरफाराचा क्रमांक घालतो. बाप वारला, मुलांची नावे लागली, तरी बाप कंसात बसून असतोच. कागद राखण्याच्या विद्येत मनुष्याने जे शोध लावले त्यांत आमच्या मते या कंसाची योग्यता फार मोठी आहे. आता प्रश्न असा की, संगणकावरची आज्ञा यांपैकी काय करते? सामान्य समजूत अशी की ती बोळा फिरवते. ही समजूत चूक आहे, आणि ती चूक का आहे हे कळल्यावाचून पुढचे काही कळणार नाही.

लिनक्सची थोरली पिढी म्हणजे युनिक्स. ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून उभी केली. तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि त्या पुस्तिकेत 'आरएम' ही आज्ञा आहे. 'रिमूव्ह' या शब्दातली ही दोन अक्षरे. त्या काळी पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचे खडखडणारे टंकयंत्र सेकंदाला दहा अक्षरे कागदावर उमटवी. अशा यंत्रावर लांबलचक शब्द कोण टंकणार? आणि प्रत्येक कामानंतर 'काम फत्ते झाले' असे यंत्राने छापायचे म्हटले तर दिवस त्यातच जावयाचा. म्हणून आज्ञा आखूड झाल्या आणि यंत्राला वळण लागले की, काम बिनबोभाट झाले तर गप्प राहावे, अडले तरच बोलावे. टेलिटाइप केव्हाच भंगारात गेली. वळण राहिले. आपल्याकडे मौन ही संमती समजतात. या पडद्यावर मौन म्हणजे काम उरकलेले असते.

आता ही आज्ञा करते काय ते पाहू. युनिक्समध्ये फोल्डर ही पेटी नसून यादी आहे. यादीत एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला एक क्रमांक, इतकेच. त्या क्रमांकाची नोंद दुसऱ्या रजिस्टरात असते. तेथे फाइल कोणाची, किती मोठी, तबकडीवर कोठकोठे ठेवली आहे आणि तिला किती नावे आहेत, हे लिहिलेले असते. होय, एका फाइलला दोन-चार नावे असू शकतात, जसे आपल्याकडे घरचे नाव एक आणि शाळेतले एक. 'आरएम' म्हटले की यंत्र यादीतले नाव काढते आणि नावांचा आकडा एकाने कमी करते. आकडा शून्यावर आला आणि त्या क्षणी कोणताही कार्यक्रम ती फाइल उघडून बसलेला नसला, म्हणजे ती जागा मोकळी समजावी असा शेरा पडतो. मजकुराला कोणी हातही लावीत नाही. पहिल्या पुस्तिकेनेच या आज्ञेला 'अनलिंक', म्हणजे दुवा सोडवणे, असे दुसरे नाव दिले आहे.

आमच्या या भागातल्या श्रोत्यांना हे पटवणे सोपे आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महसुली याद्यांत 'रिठी' गावे आहेत. यादीत नाव आहे, शीव आहे, क्षेत्र आहे. जाऊन पाहावे तर मनुष्यवस्ती नाही, दिवा लागत नाही. गाव उठले, नाव राहिले. 'आरएम' याच्या नेमके उलट करते. गाव जागच्या जागी, चुली पेटलेल्या, आणि यादीतून नाव मात्र गेलेले. पुढे कोणाला जागा हवी झाली की यंत्र यादी पाहते, तेथे कोणी नाही असे समजते आणि नांगर घालते. तोवर गाव जिवंत असते. नांगर मिनिटात येईल की वर्षाने, याचा नेम नाही.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. एखाद्या फाइलवर 'यात कोणी लिहू नये' असे बंधन घातले, तरी ती ज्या फोल्डरात आहे त्यात लिहिण्याचा अधिकार ज्याला आहे तो तिला खुशाल काढू शकतो, कारण तो फाइलला शिवतच नाही, यादीला शिवतो. गाठोड्याला कुलूप घातले आणि यादी ओट्यावर उघडी टाकली, असा हा प्रकार. कचेरीच्या दप्तरदाराचे महत्त्व ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटू नये.

यादीतले नाव काढण्याची ही रीत एकट्या युनिक्सची नव्हे. ज्यांनी डॉसचे संगणक पाहिले त्यांना आठवेल की तेथे फाइल काढली की तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलत असे. १९९१ च्या पाचव्या आवृत्तीत काढलेले परत आणण्याची आज्ञा आली, आणि ती विचारी : पहिले अक्षर काय होते ते सांगा. मेलेला मनुष्य उठून बसावा आणि म्हणावा, माझे नाव अर्धेच आठवते, उरलेले तुम्ही सांगा! पुढे चित्रांचे पडदे आले आणि त्यांबरोबर कचऱ्याची टोपली आली. मॅकिंटॉशवर १९८४ साली, विंडोजवर १९९५ साली. टोपलीने जगाची एक सवय बिघडवली. काढले ते टोपलीत असेलच, अशी खात्री लोकांना वाटू लागली. काळ्या पडद्याजवळ टोपली नाही.

येथे आमची स्वतःची हकीकत सांगणे भाग आहे, कारण विषय निवडण्याचे खरे कारण तेच.

दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही आणि दोन तरुण स्नेही मिळून वैनगंगेच्या काठच्या गावांतून हिंडलो आणि म्हाताऱ्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. दंडारीत सोंगे कोण घेई, पूल नव्हते तेव्हा डोंग्यातून पलीकडे कसे जात, मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला बैलबंड्या किती मुक्कामांनी येत, ढोरे कोणत्या जंगलात चरत आणि शीव कोणत्या नाल्याने जाई, असे ते बोलणे. सगळे झाडीबोलीत, दोन-तीन ठिकाणी गोंडीत. सतरा फिती झाल्या. मोबाइल भरले म्हणून त्यांतल्या प्रती काढून टाकल्या आणि सारे एका जुन्या, लिनक्स घातलेल्या संगणकावर 'आवाज' नावाच्या फोल्डरात ठेवले. त्यांतले काही तुकडे कापून पाहिले होते. ते रद्दी तुकडे 'आवाज जुने' अशा दुसऱ्या फोल्डरात होते.

एके रात्री जागा करावी म्हणून आम्ही ते रद्दी फोल्डर काढायला बसलो. ओळ टंकली : आरएम, उणे चिन्ह आणि आर, म्हणजे आतल्या सर्वासकट, आणि पुढे 'आवाज जुने'. दोन शब्दांत जागा सोडली, जशी आपण लिहिताना सोडतो. यंत्राच्या भाषेत ती जागा म्हणजे दोन नावांमधला पडदा. त्याने दोन नावे वाचली : 'आवाज' आणि 'जुने'. पडद्यावर उत्तर उमटले की, 'जुने' नावाचे येथे काही नाही. आम्ही क्षणभर त्या उत्तरावर चरफडलो. पहिल्या नावाबद्दल यंत्र काहीच बोलले नव्हते, कारण ते काम बिनबोभाट झाले होते. नावाभोवती अवतरणचिन्हे घातली असती, किंवा नाव ठेवतानाच दोन शब्द रेघेने जोडले असते, तर हे व्याख्यान झाले नसते.

एवढे शहाणपण सुचले की यंत्र तत्काळ बंद केले. नाव गेले तरी गाव उभे असते हे आम्ही ऐकून होतो. यंत्र चालू राहिले तर ते आपल्याच किरकोळ नोंदींसाठी नांगर घालील, ही भीती होती. एका स्नेह्याने तबकडी काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम चालवला. हा यादीकडे पाहतच नाही. सगळे शेत तुडवीत जातो आणि ध्वनिफितीच्या आरंभाची खूण दिसली की तेथून माल उचलतो. दोन रात्री गेल्या. सतरांपैकी अकरा फिती मिळाल्या, त्यांतल्या दोन मध्येच तुटलेल्या. नावे एकीलाही नव्हती, नुसते आकडे. तबकडी जुन्या तऱ्हेची, फिरणारी होती म्हणून इतके तरी झाले. नव्या, न फिरणाऱ्या तबकड्यांत मोकळी झालेली जागा यंत्र आपण होऊन साफ करते. तेथे बहुधा काहीच हाती लागत नाही.

ज्या सहा फिती गेल्या त्यांतल्या दोन एकाच गृहस्थाच्या होत्या. ते गेल्या पावसाळ्यात वारले. शीव कोणत्या नाल्याने जाई हे त्यांनी सांगितले होते.

या एका रिकाम्या जागेने थोरांनाही सोडलेले नाही. २०११ साली 'बंबलबी' नावाचा, लिनक्सच्या स्वयंसेवकांनी केलेला एक कार्यक्रम होता. तो बसवताना जुन्या फाइली काढण्याची जी ओळ त्यांनी लिहिली होती तिच्यात मार्गाच्या मध्ये एक जागा सुटली. काढायचे होते एका कोपऱ्यातले एक फोल्डर. आज्ञा झाली संगणकातले बहुतेक कार्यक्रम ज्यात असतात ते सबंध फोल्डर काढण्याची. ज्यांनी ज्यांनी तो बसवला त्यांचे यंत्र आडवे झाले. पिक्सार या चित्रपट कंपनीत १९९८ साली 'टॉय स्टोरी २' चे काम चालू असता कोणीतरी 'आरएम' ची ओळ भलत्या ठिकाणी दिली आणि चित्रपटाचा फार मोठा भाग डोळ्यांदेखत नाहीसा होऊ लागला. राखीव प्रती उघडून पाहिल्या तर त्या निरुपयोगी. गेलिन सस्मन या बाईंनी बाळंतपणामुळे घरून काम करता यावे म्हणून एक प्रत घरच्या संगणकावर ठेवली होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, मोटारीतून जपत कचेरीत आणला. गंमत अशी की पुढे कंपनीला कथाच पसंत पडेना आणि त्यांनी चित्रपट बराचसा नव्याने केला!

आमच्या मते या साऱ्यांत सर्वांत शिकण्यासारखी हकीकत गिटलॅब या कंपनीची आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील एक थकलेला कारागीर दोन यंत्रांशी झुंजत होता : एक मुख्य, एक जोडीचे. जोडीच्या यंत्रावरचे फोल्डर काढायचे, म्हणून त्याने आज्ञा दिली. ती मुख्य यंत्राच्या खिडकीत गेली. दोन-एक सेकंदांत चूक ध्यानी येऊन त्याने हात आवरला, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार उरले होते. राखीव प्रती काढण्याच्या पाच व्यवस्था होत्या. वेळेवर एकही उभी राहिली नाही. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावले. तरी मधल्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रकल्प आणि ७०० नवी खाती गेलीच. कंपनीने पुढे काय केले? सारा प्रकार जगापुढे लिहून ठेवला आणि त्या कारागिराला सुळावर दिले नाही. पाच व्यवस्था आहेत असे सर्वांना वाटत होते आणि त्यांतली एकही कोणी चालवून पाहिली नव्हती, हा दोष एकट्याचा कसा म्हणावा? राखीव प्रत आहे हे म्हणणे निराळे आणि तिच्यातून एक फाइल आज परत काढून दाखवणे निराळे.

कोणी म्हणेल, कागदच बरे होते. आम्हाला तसे वाटत नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली तेव्हा चौथ्या, पाचव्या, सहाव्या मजल्यांवरील दप्तरे जळाली. कागदाला अमरपट्टा नाही. पण कागद नष्ट करण्याच्या रीतीत एक गुण होता. आपल्या सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांचे वर्ग आहेत : 'अ' कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षे, 'क' पाच-दहा वर्षे, आणि 'ड' वर्षभराने नष्ट करायचा. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० नंतरच्या दशकात कचेऱ्यांना जी शिस्त लावली, तीतून टेबलावर सहा गठ्ठे ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यांतला एक नष्ट करायच्या कागदांचा. म्हणजे मरणाऱ्या कागदालाही गठ्ठ्यात काही दिवस बसावे लागे. यादी होई, सही होई, आणि जाताजाता कोणा जुन्या कारकुनाची नजर पडे : "अहो, हा कागद इथे कसा?" १९९३ च्या केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने तर असे कागद बेकायदा नष्ट करणाराला पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे, आणि १८९२ पूर्वीचा कागद अगदीच जीर्ण, न वाचण्याजोगा झाल्याखेरीज नष्ट करू नये असे म्हटले आहे.

हा मधला काळ किती मोलाचा, हे आमच्या जिल्ह्याइतके कोणाला कळावे? २००६ चा वनहक्क कायदा पाहा. आदिवासींखेरीज जे इतर परंपरागत वननिवासी आहेत त्यांनी १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या येथे वास्तव्य होते असे दाखवायचे, आणि कायद्याने पिढी धरली आहे पंचवीस वर्षांची. पंचाहत्तर वर्षे मागे गेले की हिशेब १९३० ला जाऊन पोचतो. १९३० सालचा एखादा किरकोळ कागद, एखादी निस्ताराची नोंद, १९६० साली बांधणाऱ्या कारकुनाला त्याचे काय वाटले असेल? रद्दीच वाटली असेल. पुढे त्या रद्दीवर एका कुटुंबाचे शेत अवलंबून राहील, हे त्याला कोण सांगणार होते? आणि त्याच कायद्याच्या नियमांत गावच्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले सांगणे हाही पुरावा धरला आहे. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तो असा कागद, स्मरण आणि चिकाटी यांच्या बळावर. शीव कोणत्या नाल्याने जाई, हे सांगणारा आवाज आम्ही का हळहळत होतो, हे आता ध्यानात आले असेल. तो आम्ही वेळीच कागदावर उतरवला नाही, हा अपराध 'आरएम' चा नव्हे.

यंत्र तो मधला काळ देत नाही. तो आपण निर्माण करावा लागतो. आमच्याकडे आता जो रिवाज आहे तो सांगतो, ज्यांना सेतू केंद्रात, सोसायटीत किंवा घरी काळ्या पडद्याशी काम पडते त्यांच्यासाठी. काढायची वस्तू आधी नुसती हलवून 'वाट पाहा' नावाच्या फोल्डरात टाकतो आणि महिनाभर तशीच राहू देतो. महिन्यात कोणी विचारले नाही तरच पुढचे पाऊल. तारकेचे चिन्ह म्हणजे 'येथील सर्व'; त्या तारकेच्या जागी नावे भरण्याचे काम पडद्यामागचा दुभाषी आधीच करतो आणि 'आरएम' ला तयार यादी देतो. म्हणून आम्ही प्रथम 'एलएस', म्हणजे नुसती यादी दाखव, ही आज्ञा त्याच तारकेसह देतो, आलेली नावे बोट ठेवून वाचतो, आणि मगच 'एलएस' च्या जागी 'आरएम' लिहितो. मोठ्या लिपीतला 'आय' जोडला तर तीनहून अधिक फाइली किंवा सबंध फोल्डर काढताना यंत्र एकदा विचारते. धाकटा 'आय' प्रत्येक फाइलला विचारतो, पण चाळीस वेळा विचारले की मनुष्य एक्केचाळिसाव्याला न वाचता 'होय' म्हणतो, हा अनुभव आहे. 'एफ' मात्र, जो सर्व प्रश्नांची तोंडे बंद करतो, तो आम्ही हाताला लावूच दिलेला नाही. रिकामे फोल्डर काढायला ती गरीब 'आरएम-डिर' आहे. आत काही असेल तर ती साफ नकार देते. पन्नास वर्षांहून जुनी ही आज्ञा कोणी फारशी वापरीत नाही, पण आमचा तिच्यावर जीव आहे.

फितींच्या आता तीन प्रती आहेत. एक येथे, एक गडचिरोलीस एका स्नेह्याकडे, आणि एक दूरच्या यंत्रावर. दर महिन्याला एकेक फीत परत काढून ऐकतो. मिळालेल्या अकरा फितींना नावे लावायची होती, म्हणून त्या घेऊन पुन्हा गावोगाव गेलो. "हा आमचाच बुडगा," असे कोणी म्हणे, की नाव लागे. दहांना नावे लागली.

अकरावीचा पत्ता लागत नाही. बोलणारी बाई वयस्क आहेत, पलीकडून कोंबडा आरवतो आहे, आणि त्या नदी उतरून माहेरी जाण्याची एक हकीकत सांगत आहेत. साडेचार मिनिटांवर फीत तुटते. ती आम्ही आज सोबत आणली आहे. आभारप्रदर्शनानंतर येथेच लावू. मार्कंड्याकडची किंवा नदीकाठच्या गावांतली मंडळी आली असतील त्यांनी कृपा करून थोडे थांबावे.